गार इंजिनाची साक्ष

बाबांचा दोन गोष्टींवर कधीच विश्वास बसला नाही: गोड बोलणारा विक्रेता आणि गरम इंजिन. जुनी गाडी बघायला गेले की ते आधी मालकाशी हात मिळवत नसत, बॉनेटवर तळहात ठेवत. बॉनेट कोमट लागलं की "जरा फोन करून येतो" म्हणून जे निघत ते थेट घरी येत. रात्रभर गार पडलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा त्याचं दुखणं लपत नाही, असं ते म्हणत. दहा मिनिटं चाललं, अंग गरम झालं, की तेही चार माणसांसारखं 'माझं काय, उत्तम चाललंय' म्हणायला लागतं.

हाच त्यांचा धंदा होता. दुरुस्ती नव्हे, जुन्या गाडीचं इंजिन अजून किती वर्षं चालेल ते सांगणं. गाडी घेऊ बघणारा त्यांना बोलवायचा, आणि ते आपल्या एका मित्राला घेऊन जायचे. हा मित्र कुठल्याही गाडीजवळ गेला की आधी बोटाच्या पेराने पत्रा ठोकून बघायचा, म्हणून मी लहानपणापासून त्यांना ठोककाका म्हणते. त्यांचं वर्कशॉप आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. आमच्या दाराला बेल आहे, पण ते ती वाजवत नाहीत.

दोघांचा जीव एकाच जातीच्या इंजिनावर होता: सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं, जुनं, लांबलचक, बिडाचं इंजिन. हल्लीची इंजिनं धावपटूंसारखी असतात आणि ही जुन्या हेडक्लार्कसारखी, असं बाबांचं मत. मोठी, जड, आळशी. कधी घाई नाही, म्हणून कधी आजारपणाची रजा नाही. शिवाय हे सहा जण अशा क्रमाने वर-खाली होतात की एकाचा धक्का दुसरा पोटात घालतो आणि इंजिन थरथरत नाही. जे थरथरत नाही ते लवकर झिजत नाही. "चार असले की भांडतात, आठ असले की गोंधळ घालतात," बाबा सांगायचे, "सहा असले की गुपचूप रांगेत उभे राहतात." हे शास्त्र कितपत खरं ते मला माहीत नाही. मी दुसऱ्यांची पुस्तकं छापायला जाण्याआधी तपासते. वाक्य किती टिकेल ते मी सांगू शकते, पिस्टनचं नाही.

निकाल देण्याची त्यांची एक पद्धत होती आणि ती चाळीस वर्षांत बदलली नाही. दोघांनी गार इंजिन वेगवेगळं ऐकायचं, एकाने एका सकाळी आणि दुसऱ्याने दुसऱ्या. एक ऐकत असताना दुसऱ्याने अंगणात जाऊन उभं राहायचं. मग दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर वर्षांचा आकडा लिहायचा आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. दोन वर्षांपेक्षा जास्त फरक पडला तर भांडायचं. भांडण मिटलं की वहीत निकाल लिहायचा आणि खाली दोन सह्या करायच्या. दुसरी सही नसेल तर ते पान कुणाला दाखवायचं नाही.

ती वही माझ्याकडे आहे. 'निळी गाडी. मालक वकील. इंजिनापेक्षा मालक जास्त आवाज करतो. बारा वर्षं.' 'पांढरी, दोन दारांची. इंजिनाला खालून ताजा रंग, म्हणजे वरून जुनी गळती. चार.' 'हिरवी. इंजिन सासऱ्यांपेक्षा जास्त जगेल. जावयाला सांगितलं नाही.' प्रत्येक पानाखाली दोन सह्या: बाबांची सरळ आणि काकांची ठोकल्यासारखी.

शेवटचं पान आमच्याच गाडीचं आहे. राखाडी, लांब नाकाची, एकतीस वर्षं आमच्या घरात असलेली. त्यावर बाबांनी लिहिलंय: 'माझ्याहून जास्त चालेल.' आकडा नाही. खाली त्यांची सही, आणि शेजारी मोकळी जागा. हे त्यांनी दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या रविवारी लिहिलं. तिथून ते परत आले नाहीत, त्याला आता पाच महिने झाले.

गाडी विकायची हे ठरलं होतं. आई गाडी चालवत नाही. मी दुसऱ्या गावात चौथ्या मजल्यावर राहते. घेणारेही ठरलेले होते: आमचे दातांचे डॉक्टर. बाबांच्या अक्कलदाढेपासून त्यांची या गाडीवर नजर होती. सहा वर्षं ते दर तपासणीला विचारायचे, "मग, देताय का?" आणि तोंडात आरसा असल्यामुळे बाबांना नीट नाही म्हणता यायचं नाही. आता त्यांची एकच अट होती, की वहीतल्या पद्धतीप्रमाणे निकाल हवा. अट मलाही हवीच होती. खरं सांगायचं तर गाडी कुणाकडे जाते याची मला फारशी पर्वा नव्हती. मला ती मोकळी जागा भरलेली बघायची होती. बाबांचं शेवटचं पान अर्धवट राहिलंय, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

शनिवारी सकाळी साडेसातला ठोककाकांनी दार ठोकलं. डॉक्टर आधीच अंगणात उभे होते, हातमोजे घालून.

"हे कशाला?" काकांनी विचारलं.

"सवय," डॉक्टर म्हणाले.

मी गॅरेजचं दार वर ढकललं. आत तेलाचा, रबराचा आणि बाबांच्या जुन्या कोटाचा वास होता. कोट अजून खिळ्यालाच होता. काका त्याच्याकडे न बघता गाडीपाशी गेले, एकदा पत्र्यावर ठोकलं, आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

हात तिथेच राहिला. मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि आत इंजिनावरच हात ठेवला.

"कोमट आहे," ते म्हणाले.

"शक्य नाही काका. कुणी हातसुद्धा लावला नाही."

"मग काय ताप आलाय त्याला?"

मी खरंच गोंधळले होते. मी आदल्या संध्याकाळी आले होते आणि उशिरा उठले होते. काकांनी माझं उत्तर ऐकून घेतलं नाही. ऑइल भरायचं झाकण त्यांनी फिरवून काढलं, उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर पांढरी साय जमली होती, दुधावर जमते तशी, जाड.

"बघ. ऑइलमध्ये पाणी. हेड गॅस्केट गेलंय."

"म्हणजे?" डॉक्टरांनी वाकून विचारलं.

"वरचा आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक पातळ पट्टी असते. ती फाटली की थंड करायचं पाणी ऑइलमध्ये शिरतं. मग आतलं सगळं झिजतं."

"म्हणजे रूट कॅनाल."

"कवळी," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आणि हे लपवायला सकाळी गरम करून ठेवलंस? तुझ्या बापाच्या गॅरेजमध्ये? त्याच्याच गाडीला शेक देऊन?"

"काका, मी काही केलं नाही."

"त्यानं जन्मभर लोकांच्या असल्या लबाड्या पकडल्या. त्याच्या पोरीनं हेच शिकावं?" झाकण त्यांनी जागेवर बसवलं, जरा जास्तच जोरात. "माझी सही नाही मिळणार. मैत्रीखातर तर मुळीच नाही. बापाचा निकाल चुकला म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

आणि ते गेले. जाताना दारावर ठोकलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "माझेही पेशंट यायच्या आधी खसाखसा दात घासून येतात. मला कळतं, पण मी ओरडत नाही."

माझी चूक नाही हे त्यांनाही सांगण्यात अर्थ नव्हता. ते मनाने चांगले होते, आणि चांगल्या माणसांना पटवणं फार अवघड असतं.

दुपारी जेवताना मी आईला विचारलं. "इंजिन कोमट होतं म्हणाले. कसं काय?"

आई संत्रं सोलत होती. "मांजर बसत असेल."

"आपल्याकडे मांजर नाही."

"शेजारी आहे."

"गॅरेजला कुलूप असतं."

"मांजरांचं काही सांगता येत नाही," आई म्हणाली आणि अर्धं संत्रं माझ्या ताटात ठेवलं. एरवी ती पूर्ण देते.

जेवण झाल्यावर मी वही घेऊन बसले. राग मला काकांचा आला नव्हता. राग आला होता बाबांचा, कारण त्यांचा निकाल चुकला असेल तर तो नेमका हाच चुकावा हे मला सहन होत नव्हतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचं बरोबर सांगितलं आणि स्वतःच्या गाडीच्या वेळी मात्र भावनेच्या भरात... हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. मी पानं उलटत राहिले आणि मधेच एका तपकिरी गाडीपाशी थांबले. बाबांच्या अक्षरात होतं:

'झाकणाला साय. मालक घाबरलेला. घाबरण्याआधी डिपस्टिक बघावी. तिच्यावरचं ऑइल दुधाळ असेल तर गॅस्केट. ऑइल नुसतं काळं-तपकिरी असेल तर इंजिन निर्दोष. हवेतलं बाष्प आत साचून थंडीत झाकणाला लागलंय. गाडी रोज पाच मिनिटं सुरू करून बंद करतात, तापू देत नाहीत. दोष मालकाचा. नऊ वर्षं, मालक सुधारल्यास अकरा.'

खाली दोन सह्या. म्हणजे काकांना हे माहीत होतं.

मी गॅरेजमध्ये गेले, इंजिनाच्या कुशीतून ऑइल मोजायची लांब डिपस्टिक ओढून काढली आणि जुन्या फडक्यावर टेकवली. डाग तपकिरी होता. दूध नव्हतं. वास घेतला तर त्यात पेट्रोल होतं, म्हणजे कुणीतरी गाडी सुरू करून तापायच्या आत बंद करत होतं. मग मी बाबांच्या स्टुलावर बसले आणि मला आठवलं की सकाळी मला तो आवाज आला होता. अर्धवट झोपेत, दूरवरून, तोच एकसंध घुमणारा आवाज. पण तो मला माझ्या चौथ्या मजल्यावरही पाच महिने रोज सकाळी येत होता, तिथे तर गाडी नाही. म्हणून मी कूस बदलली होती.

रविवारी मी सव्वासहालाच उठले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबले. पावणेसातला आई मागच्या दाराने बाहेर पडली. अंगात गाऊन, वर स्वेटर, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात किल्ली. तिने गॅरेजचं दार खांद्याने वर ढकललं. त्या दाराला माझे दोन्ही हात लागतात.

मी पोचले तेव्हा ती चालकाच्या जागेवर बसली होती. गार इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन एकदा खाकरलं आणि सुरू झालं. आईने कप समोरच्या फळीवर ठेवला. चहावर एक तरंग उठला आणि स्थिर झाला.

"आई."

ती दचकली नाही. "ये. दार लाव. पण पूर्ण लावू नकोस, धूर होतो."

मी शेजारी बसले. थोडा वेळ दोघी नुसत्या ऐकत होतो.

"रोज?" मी विचारलं.

"पाचच मिनिटं. जास्त नाही हं चालू ठेवत. पेट्रोल वाया जातं." मग म्हणाली, "घर फार शांत असतं गं सकाळचं. हे असताना पावणेसातला हा आवाज, मग बादलीचा, मग ह्यांचं शिंकणं. शिंकणं तर मला येत नाही."

मला हसू आलं. तिलाही आलं.

"काल का नाही सांगितलंस?"

"ते ठोकभाऊ ओरडत होते ते मला खिडकीतून ऐकू आलं. गॅस्केट का काय ते मीच मोडलं असं वाटलं." तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आवाज गेल्यावर गॅरेज एकदम मोठं वाटायला लागलं. "मोडलं का गं मी?"

"नाही. पण तू त्याला रोज अर्ध्या झोपेतून उठवतेस आणि परत झोपायला लावतेस."

"तुला लहानपणी असंच करायचे मी. काही बिघडलं नाही तुझं."

मी काकांना फोन केला. सगळं सांगितलं. दहा मिनिटांत दारावर ठोका पडला, पण हलका, एका बोटाचा.

"मी डिपस्टिक काढली नाही," दारातच ते म्हणाले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा. कामावर नवीन आलेलं पोरही ती आधी काढतं."

"होतं असं काका."

"नाही होत असं. मला राग आला होता." ते चपला काढण्यात बराच वेळ घालवत होते. "हात ठेवला आणि बॉनेट कोमट लागलं, तेव्हा क्षणभर वाटलं तोच येऊन गेला. लगेच वाटलं, आपल्याला कुणीतरी बनवतंय. मग सुटलोच मी." त्यांनी वर बघितलं. "वहिनी, मला माफ करा. पण तुम्हीही कमाल केलीत. रोज चोक ओढून पाच मिनिटं? त्यापेक्षा इंजिनाला एखादा फटका मारला असता तर त्यानं कमी मनावर घेतलं असतं."

"चहा घेणार की माफीवरच भागेल?" आई म्हणाली.

चहा घेता घेता काकांनी औषध सांगितलं. आज तासभर गाडी जोरात पळवायची, म्हणजे आतलं सगळं तापून ओल उडून जाईल. मग जुनं ऑइल काढून नवं भरायचं. रात्रभर गार होऊ द्यायची. सोमवारी सकाळी पुन्हा पहिल्यापासून, चिठ्ठ्यांसकट.

"आणि वहिनी, उद्या पावणेसातला हात लावायचा नाही."

"एक दिवस ना? राहीन की."

तासभर आम्ही गाडी पळवली. काका चालवत होते, आई पुढे, मी मागे. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर काकांनी पायाला जरा मोकळीक दिली आणि इंजिनाचा सूर बदलला, खालच्या पट्टीतून वर चढत गेला, कुठेही न अडखळता. आईने खिडकीची काच खाली केली. "हे असे पळवायचे नाहीत कधी," ती म्हणाली. काका म्हणाले, "तुम्ही बसलेल्या नसाल तेव्हा पळवायचा." आई त्यांच्याकडे बघत राहिली. "असं? अजून काय काय करायचे?" काकांनी गिअर बदलला आणि हवापाण्याबद्दल बोलायला लागले.

सोमवारी पावणेसातला आई स्वयंपाकघरात बसली होती, दोन्ही हात कपाभोवती धरून. किल्ली टेबलावर होती. सात वाजता ती उठली, तसाच राहिलेला चहा ओतून दिला आणि कप विसळला.

साडेसातला डॉक्टर आले. दहापर्यंतचे पेशंट त्यांनी पुढे ढकलले होते आणि हातमोजे या वेळीही होते. काकांनी बॉनेटवर हात ठेवला. "गार," ते म्हणाले, आणि या एका शब्दात त्यांनी माझी माफी मागून टाकली.

आधी त्यांनी सहा स्पार्क प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. सगळे काजळीने काळे.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "चहा-कॉफी फार घेत होतं वाटतं."

"चहाच," काका म्हणाले. आईने दुसरीकडे बघितलं.

डॉक्टरांनी खिशातून त्यांचा लांब दांड्याचा छोटा आरसा काढला आणि इंजिनाच्या मागच्या फटीत घातला, जिथे डोकं जात नाही. काका त्या आरशाकडे टक लावून बघत राहिले. "कुठे गळती दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "हिरड्या घट्ट आहेत."

"हा आरसा मिळतो कुठे?"

"तोंड उघडलंत तर रोज मिळेल."

मग काकांनी एकेका सिलिंडरला दाबाचं घड्याळ लावलं. सहाही आकडे जवळजवळ सारखे आले. डिपस्टिक बघितली, या वेळी तीन वेळा. रेडिएटरमधलं पाणी काठोकाठ होतं. "गॅस्केट शाबूत," ते म्हणाले आणि नवे प्लग बसवले. "आता खरं काम. दोन माणसं लागतात. माझे दोन कान दोन माणसांचे धरता येत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच नाही म्हटलं. मला इंजिन ऐकू येतं ते फक्त स्वप्नात.

"मी ऐकते," आई म्हणाली.

काका काहीतरी विनोद करणार होते, ते तोंडावरून दिसत होतं. केला नाही. "आधी मी ऐकतो. तुम्ही अंगणात उभ्या राहा. नियम आहे."

आई अंगणात जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. काकांनी चोक ओढला, किल्ली फिरवली, आणि गार इंजिन जागं झालं. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेले. मग बंद करून चिठ्ठी लिहिली आणि बाहेर गेले. लगेच दुसऱ्यांदा सुरू करण्यात तसा अर्थ नव्हता, ते आता गार राहिलं नव्हतं. त्यामुळे तुमची पाळी उद्या सकाळी, असं काका दारातूनच ओरडून सांगायला लागले.

"अहो, मला अंगणातून ऐकू आलं," आई म्हणाली. "मी तीस वर्षं स्वयंपाकघरातूनच ऐकलंय. जवळून ऐकलं की मला कळत नाही."

तिने माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि भिंतीला कागद टेकवून लिहिलं.

चिठ्ठ्या उघडल्या. काकांची: 'अठरा.' आईची: 'सतरा. पुढून तिसरं टकटकतंय, त्याकडे बघायला हवं.'

काका वाकले. पेचकस पुढून तिसऱ्यापाशी टेकवला, मला किल्ली फिरवायला लावली, आणि बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा त्यांचा कान तेलाने काळा झाला होता.

"झडप उघडणारं टॅपेट ढिलं झालंय," ते म्हणाले. "वर्षातून एकदा तो स्वतः कसायचा. यंदा राहिलं. अर्ध्या तासाचं काम आहे." मग आईकडे बघून, "मला ऐकू नाही आलं. तुम्हाला कधी कळलं?"

"दोन महिने झाले. आधी नव्हतं."

डॉक्टर चिंतेत पडले होते. "सतरा वर्षं? पण मी एकसष्ट वर्षांचा आहे."

"तुमचा निकाल आम्ही देत नाही," काका म्हणाले.

मी वही आणली. काकांनी शेवटचं पान उघडलं आणि बाबांची ओळ चष्मा वर करून वाचली. "'माझ्याहून जास्त चालेल.' हा काय निकाल झाला? आकडा नाही, काही नाही. मी असतो तर भांडलो असतो." पेनचं टोपण काढून त्यांनी बाबांच्या ओळीखाली लिहिलं: 'सतरा. तिसरं टॅपेट कसल्यावर अठरा.' मला वाटलं आता सही करतील. त्यांनी पेन आईपुढे केलं.

"तुमचीच सही हवी ना?" आई म्हणाली.

"ज्यानं गार इंजिन ऐकलं त्याची सही. मी आज एकदा ऐकलं. तुम्ही पाच महिने रोज ऐकलंत, आणि इथे तर माझ्यापेक्षा बरोबर ऐकलंत. मी खाली साक्षीदार म्हणून करतो, जागा राहिली तर."

आईने पार्सलवाल्याच्या कागदावर करते तशी पूर्ण नावाची, हळू, सगळी अक्षरं सुटी अशी सही केली. मोकळ्या जागेत ती मावली नाही. शेवटची दोन अक्षरं बाबांच्या सहीवर गेली. "अगंबाई," ती म्हणाली. काका म्हणाले, "असू दे." मी वही मिटली नाही, शाई वाळेपर्यंत तशीच धरून उभी राहिले.

गाडी त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेली. विकायची का, हे मी आईला पुन्हा एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "त्याला तासभर पळायला हवं. माझ्याकडे पाच मिनिटंच आहेत." डॉक्टरांना मात्र तिने अटी घातल्या: सुरू करून लगेच बंद करायची नाही, आठवड्यातून एकदा तरी लांब न्यायची, आणि तिसरं कसून घ्यायचं. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं, औषधाच्या कागदावर.

आता दर रविवारी पावणेसातला त्यांचा फोन येतो. ते फोन बॉनेटवर ठेवतात आणि इंजिन सुरू करतात. आई फोन कानाला न लावता टेबलावर लांब ठेवते, शेगडीपाशी उभी राहते आणि ऐकते. मग ओरडून सांगते, "ठीक आहे. जा आता, तासभर पळवून या."

गेल्या रविवारी मी तिच्याकडे होते. फोन झाल्यावर तिने शेगडी बंद केली, पण चहा ओतला नाही.

"काय गं? बिघडलंय का काही?"

"नाही. तिसरं कसून घेतलंय त्यांनी. टकटक गेली." तिने चहा दोन कपांत ओतला. "जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटतं."